चूक किती आहे, यापेक्षा ती कशाबरोबर बदलते?

दोन-अडीच मीटरचा शाफ्ट, एकाच सेटिंगमध्ये टर्निंग, मिलिंग, आडवी-तिरकी भोके, कधी गिअरचे दातेसुद्धा. असा जॉब मोठ्या टर्न-मिल मशीनवर चढतो तेव्हा त्यात मटेरियलचे पैसे आणि मशीनचे तास आधीच अडकलेले असतात. म्हणून माप चुकले की पहिला हात ऑफसेटच्या पानाकडे जातो. ०.०३ कमी आले, ०.०३ ऑफसेट मारला, पुढचा जॉब बसला. दुपारी तेच माप दुसऱ्या बाजूला सरकते. दुसऱ्या पाळीचा सेटर आधीचा ऑफसेट काढून स्वतःचा टाकतो, आणि आठवड्याभरात कुठला आकडा कुणी, कशासाठी टाकला हे कुणालाच सांगता येत नाही. माझे म्हणणे असे की, अक्षाच्या पोझिशनमधली चूक किती आहे हा आकडा निदानाच्या कामी फारसा येतच नाही. ०.०३ मिलिमीटरची चूक तापलेल्या बॉलस्क्रूमुळे येते, ढिल्या लॉकनटमुळे येते, बी-अक्षाच्या केंद्राची नोंद चुकल्यामुळे येते, स्केलवर साचलेल्या तेलामुळेही येते, आणि आकडा चारही वेळा तोच असू शकतो. चूक वेळेबरोबर बदलते, दिशेबरोबर, जागेबरोबर, वेगाबरोबर की टूलच्या कोनाबरोबर, यात मात्र ही कारणे एकमेकांपासून वेगळी पडतात. ते कळेपर्यंत कुठलाही पॅरामीटर बदलू नये.

साध्या दोन अक्षांच्या लेथवर एवढा आग्रह धरायची गरज नसते, कारण तिथे संशयितच मोजके असतात. मल्टिटास्किंग मशीनवर एक्स, वाय, झेड, मिलिंग स्पिंडल वळवणारा बी-अक्ष, स्पिंडलचा सी-अक्ष, समोरच्या स्पिंडलचा स्वतंत्र अक्ष, काही मशीनवर खालचा टरेटही, इतके सगळे मिळून एक माप ठरवतात. फिरणाऱ्या अक्षाची चूक तर सरळ अक्षाचा मुखवटा घालून येते. एक सेकंद कोनाची चूक एक मीटर अंतरावर सुमारे ४.८५ मायक्रॉन होते. म्हणजे सी-अक्ष १० सेकंदांनी चुकला तर ५०० मिमी त्रिज्येवरचे भोक २४ मायक्रॉन सरकते, आणि मापाच्या रिपोर्टवर ते वाय-अक्षाची चूक म्हणून दिसते. त्यात एक्सचे आकडे व्यासात वाचायची सवय. डायलवर स्लाइड ०.०२ सरकलेली दिसते, जॉबवर ०.०४ उमटते, आणि ‘दोन मापे जुळतच नाहीत’ म्हणून वाद सुरू होतो.

शोधाची पहिली फाळणी अशी करावी. कोणत्याही अक्षाच्या एका वेळी तीन जागा असतात: कंट्रोलने सांगितलेली, एन्कोडर किंवा स्केलने कळवलेली, आणि टूलचे टोक प्रत्यक्ष आहे ती. पहिल्या दोहोंत फरक पडला तर तो कंट्रोलला दिसतो. तो सर्व्होचा प्रश्न असतो आणि कंट्रोल स्वतःच ओरडतो. फानुकवर थांबलेल्या अवस्थेत मर्यादेबाहेर फरक गेला की ४१०, चालताना गेला की ४११. सीमेन्सवर थांबलेल्या अक्षासाठी २५०४० आणि मार्ग सुटल्यास २५०५०. दुसरी आणि तिसरी जागा वेगळी पडली तर कंट्रोल आंधळा असतो. स्क्रीनवर सगळे अचूक, अलार्म नाही, आणि जॉब मात्र चुकीचा. मेंटेनन्सचे कितीतरी तास या दोन प्रकारांची गल्लत झाल्यामुळे वाया जातात. स्क्रीनवरचा आकडा बरोबर आहे म्हणून मशीन बरोबर आहे, असे म्हणणाऱ्याने एन्कोडर नेमका कुठे बसवला आहे आणि तो काय पाहू शकतो, हे आधी बघावे.

पहिल्या प्रकारची तपासणी स्वस्त आहे. फानुकच्या डायग्नोसिस ३०० वर पोझिशनचा मागे राहिलेला भाग वाचता येतो. फीड-फॉरवर्ड बंद असेल तर स्थिर वेगाला तो वेग भागिले सर्व्हो गेन एवढा असायला हवा. गेन ३० प्रति सेकंद आणि फीड ६००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १०० मिमी असेल, तर अक्ष सुमारे ३.३ मिमी मागे राहील, आणि तसे राहणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा, जेव्हा दोन्ही दिशांचे आकडे वेगळे येतात, किंवा ठरावीक जागी आकडा फुगतो. तिथे सोबत अक्षाचे लोड मीटर पाहावे. आडव्या अक्षावर दोन्ही दिशांचा लोड साधारण सारखा हवा. वजन पेलणाऱ्या अक्षावर तो वेगळा असणे स्वाभाविक आहे. लोड चढलेला असेल तर सर्व्होच्या गेनला हात लावण्याआधी वंगणाची वाट बघा. मोठ्या मशीनच्या बॉक्स-वे स्लाइडला तेल पोहोचवणारा एखादा वाटप-नोझल तुंबला की अक्ष अडकत-घसरत चालतो, आणि टाकीत तेल पुरेसे असल्याने वंगणाचा अलार्मही येत नाही. सर्व्होचा अलार्म येतोच आहे म्हणून फानुकच्या १८२८ किंवा १८२९ पॅरामीटरमधली मर्यादा वाढवून तो गप्प करणे हा यातला सर्वांत वाईट उपाय. त्यातून अलार्म थांबतो, कारण मात्र आत वाढत राहते.

दुसरा प्रकार कठीण, आणि मोठ्या मशीनवर तोच जास्त भेटतो. त्यात शिरण्याआधी चूक मशीनचीच आहे का, एवढे ठरवायला हवे. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढते, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. मशीनवरून उतरलेला २ मीटरचा पोलादी शाफ्ट मापाच्या खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम असेल तर तो सुमारे ०.१८ मिमी लांब असतो. लांबीची मापे २० अंशांना धरायची हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पत्र्याच्या शेडखाली एप्रिलच्या दुपारी त्या संकेताला अर्थ राहत नाही, आणि तरीही रिपोर्टवर सही होते. म्हणून जॉब, मास्टर आणि मापाचे साधन यांचे तापमान लिहिलेले नसेल, तर लांबीच्या अक्षावरची तक्रार ग्राह्य धरू नये. टूलहोल्डर बसतो त्या तोंडावरची चिप, कॅप्टो किंवा एचएसकेच्या सपाटीवरची घाण, स्टेडीने ढकललेला शाफ्ट ही कारणेही इथेच पुसून काढावीत. त्यांच्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही. पाहायला मात्र हवे.

आता वेळ. मोठ्या मशीनवर आधी संशय उष्णतेवर घ्यावा आणि ती निर्दोष ठरल्यावरच पुढे जावे, असे माझे मत आहे. कारण साध्या गुणाकारात आहे. ३ मीटरचा बॉलस्क्रू ५ अंशांनी तापला तर तो ०.१७ मिमी लांबतो. दोन्ही टोकांना ताणून बसवलेला स्क्रू काही अंशांपर्यंत ही वाढ पोटात घेतो, पण ताण संपला की वाढ पुन्हा उघडी पडते. फक्त मोटरवर एन्कोडर असलेल्या मशीनला यातले काहीच कळत नाही, कारण त्याने फेरे मोजले आणि फेरे बरोबरच आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकण भागात गुरुवारची सुट्टी असते. शुक्रवारच्या पहिल्या पाळीत चूक दिसते, दुपारपर्यंत कमी होते, आणि शनिवारी सकाळी थोडीच दिसते; अशी नोंद हाती असेल तर अर्धे निदान झाले. हिवाळ्याच्या पहाटेचे १० अंश आणि दुपारचे ३० अंश यांत मशीनची उंची, बेडचा वाक आणि स्पिंडलची जागा सगळेच हलते. बेडवर गरम कूलंट आणि चिप्सचा ढीग, खाली थंड फाउंडेशन, म्हणजे बेड वरून ताणला जाऊन किंचित कमानदार होतो.

हे सिद्ध करायला लेझर लागत नाही. डायलचा स्टँड जॉबच्या बाजूला, म्हणजे चकवर किंवा हेडस्टॉकवर घ्या, आणि डायलचे टोक मिलिंग स्पिंडलच्या नाकाला किंवा त्यात पकडलेल्या टेस्ट बारला लावा. मशीनची पूर्ण साखळी मापात यायला हवी. थंड मशीनवर, स्पिंडल बंद ठेवून, एकच अक्ष टोकापासून टोकापर्यंत रॅपिडने फिरवा आणि ठरावीक वेळाने नेहमी एकाच दिशेने डायलवर आणून आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी, पुन्हा थंड मशीनवर, अक्ष स्थिर ठेवून फक्त स्पिंडल कामाच्या वेगाला चालवा आणि तेच करा. पहिल्या दिवशीची सरक स्क्रूची आणि नटची, दुसऱ्या दिवशीची हेडस्टॉकची किंवा मिलिंग स्पिंडलची. महत्त्व सरकीच्या आकारापेक्षा तिच्या वळणाला आहे. आकडा आधी भराभर वाढून मग सपाट होत असेल, आणि मशीन थंड झाल्यावर परत येत असेल, तर ती उष्णता. आकडा प्रत्येक फेरीला सारखाच पुढे जातो, सपाट होत नाही, आणि रात्रभर मशीन बंद ठेवूनही परत येत नाही, तेव्हा कपलिंग घसरते आहे किंवा पल्स हरवतात. मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि तिथून स्क्रूवर सलग आडवी रेघ मारून ठेवली की त्याचा निकाल लगेच लागतो; रेघ तुटली की घसरण. आकडा कधी बरोबर, कधी भलताच, काही नियमच नाही, असे असेल तर केबल, कनेक्टर किंवा स्केल. आणि दोनच आकडे आलटून पालटून येत असतील, तर वेळ सोडून दिशेकडे वळा.

इथे अनुभवी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे: आमच्या मशीनला स्केल आहे, पूर्ण बंद लूप आहे, मग स्क्रू तापला काय आणि झिजला काय, फरक कसा पडेल? आक्षेप अर्धा खरा आहे. स्केल स्क्रूची लांबी, नटचा प्ले आणि कपलिंगची घसरण मापातून बाहेर काढतो. पण तो टूलच्या टोकापाशी बसवलेला नसतो. स्केलची रेषा आणि टूलचे टोक यांत ६०० मिमी अंतर असेल आणि स्लाइड वाटेत १० सेकंदांनी झुकली, तर टोकावर २९ मायक्रॉनची चूक येते आणि स्केल पूर्ण निष्पाप राहतो. हेडस्टॉकचे फुगणे, बेडचा वाक, स्पिंडलची वाढ, यांतले काहीच स्केलच्या नजरेला येत नाही. उलट स्केलमुळे यांत्रिक दोष वेश पालटतो: नट ढिला झाला तर मापात चूक येण्याऐवजी अक्ष थांबताना थरथरतो, दिशा बदलताना गुरगुरतो, आणि पृष्ठभागावर खुणा उमटतात. मोटरचा एन्कोडर आणि स्केल यांच्या आकड्यांतला फरक ज्या कंट्रोलवर वाचता येतो, तिथे तो महिन्यातून एकदा लिहून ठेवणे म्हणजे स्क्रूच्या झिजेची फुकटची नोंदवही आहे. स्केलची स्वतःचीही दुखणी आहेत. बंदिस्त स्केलमध्ये कूलंटची वाफ शिरू नये म्हणून कोरडी, स्वच्छ हवा सोडतात. पावसाळ्यात काँप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साचते, फिल्टरचा ड्रेन कुणी उघडत नाही, आणि ज्या हवेने स्केल वाचवायचा तीच पाणी आणि तेलाची फवारणी करते. मग ठरावीक जागी अलार्म येतो किंवा मोजणी चुकते, आणि संशय बिचाऱ्या ड्राइव्हवर.

दिशेबरोबर बदलणारी चूक ओळखायला सोपी, पण तिचे घर शोधायला नाही. एका बिंदूवर डावीकडून या, डायल वाचा; पुढे जाऊन उजवीकडून या, पुन्हा वाचा. फरक म्हणजे हरवलेली हालचाल. तो फरक नटमध्ये आहे, थ्रस्ट बेअरिंगमध्ये आहे की कपलिंगमध्ये, हे कळल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती अशी: स्क्रूच्या मोकळ्या टोकाच्या सेंटर भोकात ग्रीस लावून पोलादी गोळी चिकटवा आणि डायलचे टोक त्या गोळीवर टेकवा. हँडव्हीलने अक्ष थोडा पुढे, थोडा मागे करा. दिशा बदलताना स्क्रूच पुढे-मागे सरकत असेल तर बेअरिंग किंवा लॉकनट ढिला आहे. स्क्रू जागेवर, पण स्लाइड उशिरा हलते, तर नटचा प्रीलोड गेला आहे. स्क्रूच उशिरा फिरायला लागतो, तर कपलिंग. वजन पेलणाऱ्या अक्षावर मात्र मोटर किंवा कपलिंग सोडण्याआधी स्लाइडखाली भक्कम ठोकळा हवाच. ब्रेकच्या भरवशावर त्याखाली हात घालू नये. आणि या चाचण्या दार उघडे ठेवून कराव्या लागतात म्हणून इंटरलॉकला कायमचा जंपर मारणे हा वेगळाच आणि जास्त गंभीर दोष आहे.

यावर म्हणतात की फरक मोजला ना, मग फानुकच्या १८५१ मध्ये तेवढा आकडा टाका, पॅरामीटर त्यासाठीच दिला आहे. दिला आहे खरा, पण तो झिजेची भरपाई करण्यासाठी, ढिलाईची नाही. नटची झीज हळूहळू आणि सगळीकडे साधारण सारखी असते. ढिला लॉकनट आज १५ मायक्रॉन देतो, जड कटमध्ये ४० देतो, परवा आणखी वेगळे. बदलत्या गोष्टीवर स्थिर आकडा टाकला की काही जागी भरपाई कमी, काही जागी जास्त. शिवाय स्क्रूची झीज बहुधा जिथे मशीन रोज चालते तिथेच, चकजवळच्या पट्ट्यात असते. तिथला प्ले मोजून टाकलेला आकडा टेलस्टॉकच्या बाजूला, जिथे स्क्रू जवळजवळ नवा आहे, तिथे स्वतःच चूक निर्माण करतो. म्हणून मोजमाप तीन जागी: दोन्ही टोकांना आणि मधे. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि दुसऱ्या दिवशीही तेच, तर पॅरामीटर वापरायला हरकत नाही. वेगवेगळे आले तर स्पॅनर घ्या.

बॉलबार असेल तर वर्तुळाची चाचणी याच प्रश्नांना उत्तर देते, फक्त छापील चित्र वाचताना घाई होते. ४५ अंशांत ताणलेले अंडाकृती वर्तुळ दिसले की दोन अक्षांचा काटकोन बिघडला असे धरून चालतात. पण दोन अक्षांचे सर्व्हो गेन जुळत नसतील तरी तसेच अंडे येते. फरक असा की काटकोनाचे अंडे घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने फिरवले तरी त्याच बाजूला ताणलेले राहते. गेनचे अंडे दिशा बदलली की बाजू बदलते आणि फीड वाढवला की आणखी लांबते. त्यामुळे दोन दिशा आणि दोन फीड घेतल्याशिवाय चाचणी झाली असे समजू नये. पहिल्या प्रकाराला मेकॅनिक लागतो, दुसऱ्याला पॅरामीटर, आणि अदलाबदल झाली तर दोघेही आपले काम नीट करून मशीन बिघडवतात.

जागेबरोबर बदलणाऱ्या चुकीसाठी लेझर लागतोच, आणि तो भाड्याने आणायचा तर आणल्यासारखा वापरावा. आयएसओ २३०-२ नुसार २ मीटरपर्यंतच्या अक्षावर दर मीटरला किमान पाच बिंदू, आणि प्रत्येक बिंदूवर दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा जायचे. बिंदूंमधले अंतर अगदी समान घेऊ नये. स्क्रूची पिच १० मिमी आणि बिंदू १०० मिमीवर, म्हणजे दर वेळी स्क्रू त्याच कोनात थांबणार, आणि एका फेऱ्याच्या आतली चूक कधी दिसणारच नाही. हवेचे तापमान १ अंशाने चुकीचे धरले तर लेझर दर मीटरला सुमारे १ मायक्रॉन चुकतो, पण मटेरियलच्या तापमानाचा सेन्सर १ अंशाने चुकला तर चूक ११-१२ मायक्रॉनची होते. तो सेन्सर कुठे चिकटवला हे रिपोर्टवर लिहून घ्या. आणि रिपोर्ट हाती आल्यावर लगेच पिच-भरपाईचे टेबल भरू नका. वळण एकसारखे चढते असेल तर ते बहुधा तापमान आहे. ते टेबलात भरले की आजचा उन्हाळा मशीनमध्ये कायमचा कोंडला. एकाच पट्ट्यात खड्डा असेल तर आधी गाइड आणि लेव्हल पाहा. मराठवाडा, विदर्भ किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या मातीवर उभ्या असलेल्या शेडमध्ये हा मुद्दा किरकोळ नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि फाउंडेशन मुरमापर्यंत नेलेले नसेल तर बेडही त्याबरोबर पिळतो. ०.०२ मिमी प्रति मीटरचा आडवा पीळ ८०० मिमी उंचीवर १६ मायक्रॉन होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर लेव्हल घेऊन लिहून ठेवली तर लेझर बोलावण्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील असे मला वाटते. बॉलस्क्रू बदलला असेल तर एक गोष्ट विसरू नये: टेबल जुन्या स्क्रूच्या चुका दुरुस्त करत होते. नवा स्क्रू बसवून जुने टेबल तसेच ठेवले, तर जुन्या चुका उलट्या होऊन परत येतात.

टूलच्या कोनाबरोबर बदलणारी चूक ही मल्टिटास्किंग मशीनची खास देणगी, आणि तिच्यावर सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बी-अक्ष ज्या केंद्राभोवती वळतो त्याची जागा कंट्रोलमध्ये आकडा म्हणून लिहिलेली असते. खरे केंद्र आणि लिहिलेले केंद्र यांत ०.०२ मिमीचा फरक असला, आणि बी शून्यावर टूल टच करून लांबी घेतली, तर तो फरक गुपचूप टूलच्या लांबीत जिरतो. सगळे बरोबर चालते. टूल ९० अंशांत वळवले की तीच खोटी लांबी दुसऱ्या अक्षात उघडी पडते, आणि शोल्डरची जागा सरकते. मग त्या कोनासाठी वेगळा ऑफसेट, ४५ अंशांसाठी आणखी वेगळा. एखाद्या मशीनवर एकाच टूलचे कोनागणिक तीन ऑफसेट दिसले की समजावे, केंद्राची नोंद कुणीतरी कधीच तपासलेली नाही. ही स्थिती बहुतेक वेळा एखाद्या धडकेनंतर सुरू होते. जिथे धडक झाल्यावर ऑपरेटरचा पगार कापतात, तिथे धडका नोंदवल्या जात नाहीत, आणि निदानाचा सर्वांत मोलाचा पुरावा त्या कापलेल्या पगारात जातो.

तपासणी अवघड नाही. चकमध्ये मास्टर बॉल पकडा, कॅलिब्रेट केलेला प्रोब मिलिंग स्पिंडलमध्ये लावा, आणि टूल-टोक नियंत्रण चालू ठेवून बॉलचे केंद्र बी ०, ४५ आणि ९० अंशांवर मोजा. तिन्ही वेळा तेच आकडे यायला हवेत. न आले तर फरक कुठल्या अक्षात आणि किती, यावरून केंद्र कुठे सरकले ते निघते. सी-अक्षासाठी बॉल मध्यापासून बाजूला पकडून ० आणि १८० अंशांवर मोजा. दोन केंद्रांचा मध्यबिंदू म्हणजे सी-अक्षाचे खरे केंद्र, आणि त्याचा वाय शून्यापासून किती दूर तेही कळते. प्रोब नसेल तर जॉबच सांगतो: शाफ्टला एका बाजूने भोक मारा, सी १८० अंश फिरवून समोरून मारा. मधे पायरी पडली तर तिचा अर्धा भाग ही वायची चूक. डीएमजी मोरीचे थ्री-डी क्विकसेट, हायडेनहाइनचे किनेमॅटिक्सऑप्ट, सीमेन्सचे सायकल ९९६ ही साधने हेच काम आपोआप करतात आणि शेवटी नवे आकडे लिहू का, असे विचारतात. लगेच ‘हो’ म्हणू नये. मशीन कामाच्या तापमानाला आल्यावर एकदा, थंड असताना एकदा, असे मोजून दोन्हींत फरक किती ते पाहावे. तो फरकच मूळ चुकीएवढा असेल तर प्रश्न केंद्राचा नाही, उष्णतेचा आहे. सी-अक्षाची क्लॅम्पसुद्धा इथेच तपासावी. ३०० मिमी त्रिज्येवर डायल लावून क्लॅम्प करा. डायल उडी मारत असेल तर हायड्रॉलिक दाब किंवा ब्रेक डिस्क बघा, प्रोग्रॅम नाही.

एकदम उडी मारणारी चूक वेगळी. ती अगदी १० किंवा १२ मिमीची, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्याएवढी असेल, तर झीज वगैरे विसरा. डॉगचा स्विच एन्कोडरच्या शून्य खुणेच्या अगदी जवळ सुटतो आहे आणि होम कधी या फेऱ्यात, कधी पुढच्या फेऱ्यात पकडले जाते. डॉग अर्ध्या फेऱ्याने सरकवला की विषय संपतो. ॲब्सोल्यूट एन्कोडर असेल तर बॅटरी पाहा, आणि फानुकवर ती कंट्रोल चालू असतानाच बदला. बंद करून बदलली तर होमची नोंदच जाते.

या सगळ्याला वेळ कुठे आहे, हा शेवटचा आणि खरा आक्षेप. थंड मशीनवरच्या डायलच्या चाचणीला दोन सकाळी जातात. ताशी हजारोंच्या दराचे मशीन त्यासाठी कोण थांबवणार? पण ऑफसेट मारत राहणेही फुकट नसते. प्रत्येक पाळीचा पहिला जॉब मोजून थांबणे, संशयित जॉब बाजूला ठेवणे, एखादा भंगारात जाणे, हे सगळे मशीन थांबण्याच्याच खात्यातले आहे, फक्त तुकड्या-तुकड्यांनी आल्यामुळे वहीत दिसत नाही. थर्मल चाचणी सुट्टीनंतरच्या पहाटे, पाळी सुरू होण्याआधी करता येते. गोळी आणि डायलची चाचणी जेवणाच्या सुट्टीत उरकते. जो घाई करतो त्याने निदान स्वस्ताकडून महागाकडे जावे: तापमान, डायल, गोळी, बॉलबार, लेझर. उलट क्रमाने गेलेले बिल पाहिले की घाईचा अर्थ कळतो.

मशीन वॉरंटीत असेल, किंवा स्क्रू-बेअरिंगचे काम निघणार असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवायलाच हवे. त्याला ‘झेडमध्ये ०.०३ जाते’ एवढेच फोनवर सांगू नका. आधी सगळ्या पॅरामीटर आणि भरपाईच्या टेबलांचा तारखेसह बॅकअप घ्या, मग एका कागदावर लिहा: कोणत्या तासाला, शेड आणि जॉबचे तापमान किती, कोणत्या दिशेने येताना, अक्षाच्या कुठल्या भागात, बी किती अंशांवर, आणि त्या महिन्यात मशीन कुठे आपटले का. तो कागद फोटो काढून पाठवला, तर बरोबर बेअरिंगचा सेट आणायचा की लेझर, हे त्याला निघण्याआधी ठरवता येते.